शुगर बँडचा ‘कॉपर ब्लू’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुसद तालुक्यात लग्नाकार्याला साउंड लावतो आणि सिझनमध्ये ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. साउंड चेकला मी ‘कॉपर ब्लू’ लावतो. मग मांडवात खुर्च्या मांडणाऱ्या पोरांपासून नवरदेवाच्या मामापर्यंत कोणी ना कोणी येऊन विचारतंच. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवला आहे.

हे कोणाचं गाणं होय, दादा?

शुगर नावाच्या अमेरिकन बँडचं. बँडमध्ये तिघंच. बॉब मोल्ड गिटार वाजवतो, गातो आणि या अल्बमची गाणीही त्याचीच. बेस गिटारवर डेव्हिड बार्ब, ड्रमवर माल्कम ट्रॅव्हिस. ‘कॉपर ब्लू’ हा त्यांचा पहिला अल्बम, सप्टेंबर 1992 चा. दहा गाणी, साधारण पाऊण तास. कोणी प्रकार विचारला तर मी पॉवर-पॉप सांगतो, ते काय हे पुढे येईलच.

पण मोल्ड काही नवखा नव्हता. त्याआधी तो हुस्कर डू या रॉक बँडचा गिटारिस्ट होता. मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल गावात 1979 मध्ये तिघांनी तो बँड काढला. सुरुवातीला इतकं वेगात आणि इतकं जोरात वाजवायचे की ऐकणाऱ्याला दम लागावा. पुढे त्याच गोंगाटात चाली उगवायला लागल्या. 1984 चा ‘झेन आर्केड’ हा त्यांचा दुहेरी अल्बम अमेरिकेतल्या पुढच्या कितीतरी गिटारवाल्यांनी पाठ केला. बार्ब जॉर्जियातल्या अथेन्सच्या मर्सीलँड बँडमधला, तर ट्रॅव्हिस बोस्टनच्या झूलूज बँडमधला. म्हणजे तिघंही आधी कुठे ना कुठे घासून आलेले.

साखर? असं काय नाव ठेवलं बे?

पहिला कार्यक्रम तोंडावर आला आणि बँडला नावच नव्हतं. तिघं वॉफल हाउस नावाच्या साध्या खाणावळीत बसले होते, टेबलावर साखरेची पुडी होती. झालं बारसं. आपल्याकडे बँड पार्टीचं नाव ठेवायचं तर आधी कुलदैवत, मग मालकाच्या पोराचं नाव, यावरून रात्र जाते. यांचं चहा यायच्या आत उरकलं. आणि साखर म्हटल्यावर कोणाला पश्चिम महाराष्ट्र आठवत असेल तर तो त्याचा प्रश्न.

पहिला बँड चांगला चालला होता, मंग सोडला काहून?

सोडला म्हणण्यापेक्षा मोडला. हुस्कर डूमध्ये गाणी लिहिणारे दोघं होते, मोल्ड आणि ड्रमर ग्रँट हार्ट. दोघंही एकापेक्षा एक, आणि दोघांनाही आपलं गाणं पुढे हवं. त्यात दारू आणि नशा. मोल्डने 1986 मध्ये दारू सोडली, पण बँडमधलं वातावरण तोवर नासलं होतं. मोठ्या कंपनीशी करार झालेला, 1987 च्या जानेवारीत आणखी एक दुहेरी अल्बम आलेला, आणि 1988 च्या सुरुवातीला सगळं संपलं.

त्यानंतर त्याने जे केलं ते आपल्याकडच्या माणसाला लगेच समजेल. तो शहर सोडून पाइन सिटीजवळच्या शेतावर जाऊन राहिला. मिनेसोटाचा तो भाग म्हणजे हिवाळ्यात नुसता बर्फ. कोंबड्या पाळल्या, अकूस्टिक गिटार घेऊन बसला, लिहीत राहिला. त्यातून 1989 चा ‘वर्कबुक’ निघाला. त्यात चेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं खर्जातलं वाद्य) आहे, शांतपणा आहे, हुस्कर डूवाल्यांना धक्का बसेल इतका मोकळा आवाज आहे. 1990 चा ‘ब्लॅक शीट्स ऑफ रेन’ मात्र पुन्हा काळाकुट्ट आणि जड निघाला.

माझ्या मते ‘कॉपर ब्लू’ची गुरुकिल्ली या दोन अल्बममध्ये आहे. एकाने त्याला चाल उघडी ठेवायला शिकवलं, दुसऱ्याने आवाज परत आणला. दोन्ही एकाच गाण्यात बसवायला त्याला बँड लागला. एकट्या नावावर ते जमलं नसतं.

पॉवर-पॉप म्हंजे काय? डीजेत येते का?

नाही येत. पॉवर-पॉप हा शब्द द हू बँडच्या पीट टाउनशेंडने 1967 मध्ये आपल्या संगीताबद्दल वापरला. पण त्याचं खरं घराणं तयार झालं ते 1970 नंतर, अमेरिकेत. मेम्फिसचा बिग स्टार, क्लीव्हलंडचा रास्पबेरीज, रॉकफर्डचा चीप ट्रिक ही त्यातली मोठी नावं. दुसऱ्यांदा ऐकताना तोंडात बसेल अशी चाल, दोन-तीन गळ्यांचा मेळ, आणि गिटार मात्र रॉकची, कसलीही माफी न मागता वाजणारी.

‘कॉपर ब्लू’ त्यातच मोडतो का, यावर जाणकार भांडतात. कोणी त्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतं. मी पॉवर-पॉपच म्हणतो, कारण गिटार काढून नुसती चाल गुणगुणली तरी दहापैकी सात-आठ गाणी उभी राहतात. करून बघा. जड रॉकच्या बऱ्याच अल्बमचं तसं केलं तर हातात काही उरत नाही.

भाऊ, तुमचा बॉक्स फाटला का?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर.

बॉक्स शाबूत आहे. तो फाटल्यासारखा आवाज गिटारचाच आहे आणि मुद्दाम काढलेला आहे. गिटारचा सिग्नल एका मर्यादेपलीकडे वाढवला की त्या लाटेचा माथा वरून-खालून छाटला जातो. छाटलेल्या लाटेत मूळ सुराशिवाय त्याचे वरचे कितीतरी सूर मिसळतात, म्हणून एकच तार घोळक्याने वाजल्यासारखी भरते. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. मोल्ड हुस्कर डूच्या काळापासून एमएक्सआर कंपनीचं डिस्टॉर्शन प्लस नावाचं पिवळं पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायची डबी, वापरत आला. आत फार काही नाही. सिग्नल वाढवायला एक ऑप-अ‍ॅम्प चिप, आणि माथा छाटायला जर्मेनियमचे डायोड. आपल्या पोरांनी सोल्डर गन घेऊन एका दुपारी बनवावं असं सर्किट आहे. जादू हातात आहे. तो मोकळ्या तारा वाजत ठेवतो आणि त्यांच्यावरून कॉर्ड सरकवतो, त्यामुळे खाली गुरगुर चालू असताना वर एक सतत घंटेसारखी किणकिण राहते. हुस्कर डूमध्ये त्याच्या गळ्यात फ्लाइंग व्ही आकाराची आयबानेझ असायची, शुगरच्या काळात फेंडर स्ट्रॅटोकास्टर आली. आवाजाला धार आली ती तिथूनही.

आता बॉक्स खरंच फाटला आहे की गाणंच तसं आहे, हे ओळखायची रीत. आवाज एकदम बारीक करा. रेकॉर्डिंगमधलं डिस्टॉर्शन बारीक आवाजातही तसंच्या तसं राहतं. स्पीकरचा कागदी कोन फाटला असेल तर बारीक आवाजात खरखर पुष्कळ कमी होते, आणि आवाज वाढवला की नेमकी बेसच्या ठोक्याला परत येते. एवढं करून बघितल्याशिवाय मिस्त्रीला फोन करू नका, आणि मला तर मुळीच नका.

हा आपल्या बॉक्सवर नीट काहून वाजत नाही? घरी भारी लागला होता.

कारण आपले मिक्सर मिरवणुकीसाठी लावलेले असतात. डावीकडची सरकती बटणं वर, उजवीकडची वर, मधली सगळी खाली. ठोका छातीत बसला पाहिजे आणि झांज कानात टोचली पाहिजे, बाकी गाणाऱ्याचं नशीब. गिटार आणि माणसाचा गळा दोन्ही मधल्या पट्टीत राहतात. ती पट्टीच दाबली तर ‘कॉपर ब्लू’मधलं अर्धं गाणं जातं आणि उरतो नुसता ड्रम. सगळी बटणं सरळ रेषेत आणा, इको पूर्ण बंद करा, बेस थोडा उतरवा. मोल्डचा गळा तरीही गिटारच्या वर येणार नाही, बरोबरीनेच राहील. ते मिक्सिंगच तसं आहे. त्याने आणि लू जिओर्डानोने मिळून निर्मिती केली तेव्हा गळ्याला सिंहासन द्यायचं नाही हे ठरवूनच केलेलं दिसतं.

कुठं रेकॉर्ड केला? लय मोठा स्टुडिओ असन.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टॉटन गावी, द आउटपोस्ट नावाच्या स्टुडिओत. त्याच सत्रांमध्ये इतकी गाणी झाली की उरलेल्या सहांचा ‘बीस्टर’ 1993 मध्ये वेगळा काढला.

इंग्रजी येत नाही, मंग काय समजन?

पहिल्या फेरीला शब्द सोडून द्या. ‘चेंजेस’ आणि ‘हेल्पलेस’ लागोपाठ ऐका. तिसरं आणि चौथं गाणं आहे. दोन्ही उघड्या मनाने ऐकली तर आनंदाची वाटतील. नंतर कोणाकडून अर्थ समजून घ्या, मग कळेल की एकात नातं तुटतंय आणि दुसऱ्यात माणूस हतबल झालाय. मोल्डचं सगळं कसब या विसंगतीत आहे. त्याचं दुःख कधी रडक्या चालीत येत नाही. ते हात वर करून नाचायच्या चालीत येतं, आणि म्हणूनच जास्त वेळ अंगावर राहतं. मला विचाराल तर अल्बमचा खरा विषय हाच आहे, नावातलं तांबं-निळं वगैरे नाही.

‘अ गुड आयडिया’ हळदीला लावता येईन का? मस्त ठेका हाय.

ठेका मस्तच आहे. सुरुवातीला बेसची सुरावट येते आणि पोरं लगेच उठतात. पण त्या गाण्यात एक माणूस एका बाईला नदीत बुडवतो. हळदीला तेवढं नको. शब्द कोणाला कळणार, असं म्हणू नका. प्रत्येक वऱ्हाडात पुण्याला नोकरी करणारा एखादा तरी असतोच.

या गाण्याची आणखी एक गंमत आहे. ऐकणारा कोणीही म्हणेल की हे पिक्सीज बँडसारखं वाजतंय, आणि ते तसं आहेच, मोल्डने ते लपवलेलं नाही. पण पिक्सीज बनला कसा? 1986 मध्ये त्यांना बेस वाजवणारं कोणी हवं होतं, म्हणून त्यांनी जाहिरात दिली: हुस्कर डू आणि पीटर, पॉल अँड मेरी (लोकगीतं गाणारं शांत त्रिकूट) दोन्ही आवडणारं माणूस पाहिजे. ती वाचून किम डील आली. म्हणजे मोल्डच्या बँडकडून त्यांनी घेतलं, आणि सहा वर्षांनी मोल्डने त्यांच्याकडून उचललं. यात कोण कोणाचं देणं लागतं हे सावकारालाही सांगता यायचं नाही.

‘हूवर डॅम’ म्हंजे खरंच धरणावरचं गाणं?

धरणावर उभ्या असलेल्या माणसाचं गाणं. हूवर डॅम कोलोरॅडो नदीवर आहे, 1930 च्या दशकात बांधलेलं. एक टोक नेव्हाडा राज्यात, दुसरं अ‍ॅरिझोनात. गाण्यातला माणूस त्या हद्दीच्या मधोमध उभा आहे आणि त्याला कुठल्याच बाजूला जायचं ठरवता येत नाही.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इसापूर धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की एका हाताला यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या हाताला हिंगोली. पैनगंगा अडवली इथे, पाणी बरंचसं गेलं मराठवाड्यात, आणि त्यावर पारावर जी भाषणं होतात ती वेगळीच. हे गाणं तिथे हेडफोनवर ऐकायचं आहे. सांडव्याकडच्या बाजूला रेंज जाते, आधी डाउनलोड करून ठेवा.

गाणं म्हणून हे अल्बममधलं सगळ्यात सजवलेलं. कीबोर्डचे थर आहेत, उलटी फिरवलेल्या टेपसारखे आवाज आहेत, बीटल्सच्या मधल्या काळाची सावली आहे. एरवी तिघांचा बँड इतका भरगच्च वाजत नाही. ज्यांना मोल्ड म्हणजे नुसता आरडाओरडा वाटतो त्यांना मी हेच आधी ऐकवतो.

‘द स्लिम’ आलं की तुम्ही पुढं काहून ढकलता?

मांडवात ढकलतो, घरी नाही. ते एड्सने जोडीदार गेलेल्या माणसाचं गाणं आहे. 1992 मध्ये त्या आजारावर आजच्यासारखी औषधं नव्हती, आणि माणसं भराभर जात होती. गाणं हळू, जड, झुलत चालतं आणि शेवटाकडे मोल्डचा गळा अक्षरशः फुटतो. आमच्या पट्ट्यात ट्रकवर गेलेली आणि परत येऊन खंगलेली माणसं ज्यांनी पाहिली, घरच्यांनी कावीळ सांगितलेली ऐकली, त्यांना हे गाणं कोणी उलगडून सांगायची गरज नाही. स्वागत समारंभात ते वाजवणं मला जमत नाही.

गिटार शिकतोय. कोणतं आधी बसवू?

‘इफ आय कान्ट चेंज युअर माइंड’. अकूस्टिकवर सुरू होतं, उघड्या कॉर्डचं आहे, आणि डिस्टॉर्शनच्या मागे लपायची सोय नाही. अवघड आहे तो उजवा हात. मोल्ड जवळजवळ सगळं खालच्या जोरदार फटक्याने ओढतो, तरी लय सुटत नाही. पोरं डाव्या हाताचे व्हिडिओ बघून शिकतात आणि उजव्याकडे लक्ष देत नाहीत. दोन आठवडे नुसता उजवा हात करा, डाव्याने तारा दाबून मुक्या ठेवा. शेजारी वैतागतील.

हेच गाणं ब्रिटनमध्ये 1993 च्या सुरुवातीला तिसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच्या व्हिडिओत निरनिराळ्या जोडप्यांचे फोटो आहेत. एक बाई एक पुरुष अशी आहेत, तसे दोन पुरुष आणि दोन बायकाही. मोल्ड स्वतः समलिंगी आहे, हे जाहीरपणे छापून आलं 1994 मध्ये. त्याआधीच व्हिडिओत त्याने जे दाखवायचं ते दाखवून टाकलं होतं.

‘मॅन ऑन द मून’ तर आरईएमचं आहे ना?

ते वेगळं. योगायोगाने दोन्ही 1992 चीच, आणि आरईएम हाही अथेन्सचाच बँड. नाव तेवढं एक.

सगळीच गाणी भारी हायेत का? खरं सांगा.

नाही. पहिली पाच तोडीस तोड आहेत, ‘द अ‍ॅक्ट वुई अ‍ॅक्ट’ने दार ढकलून आत येतात आणि ‘हूवर डॅम’पर्यंत कुठे श्वास घेऊ देत नाहीत. सहावं आणि सातवं वर सांगितलंच. ‘फॉर्च्युन टेलर’ वेगवान आहे, बँड मजेत आहे, पण चाल आधीच्यांच्या मानाने पातळ. ‘स्लिक’ मला अजून भावलेलं नाही. ठेका अडखळत ठेवण्यामागे काही विचार असेल, पण गाणं गाडी घसरल्यासारखं तिथल्या तिथे राहतं. शेवटचं ‘मॅन ऑन द मून’ ठीक. काहींना शेवट फार आवडतो, त्यांच्याशी मी भांडत नाही.

लोकांनी तेव्हा घेतला का? पैसे मिळाले का?

वेळ बरी होती. निर्वाना बँडचा ‘नेव्हरमाइंड’ सप्टेंबर 1991 मध्ये आला आणि गोंगाटी गिटारला एकदम बाजारभाव आला. मोल्ड तेच दहा वर्षं पेरत होता, पण काढणीच्या वेळी शेत दुसऱ्याचं होतं. तरी ‘कॉपर ब्लू’ ब्रिटनच्या यादीत दहाव्या क्रमांकावर गेला आणि एनएमई या संगीत साप्ताहिकाने त्याला 1992 चा सर्वोत्तम अल्बम ठरवलं. ‘बीस्टर’ तर तिथे तिसऱ्यापर्यंत पोहोचला, आणि तो कितीतरी जास्त रागीट आहे. अमेरिकेत रायकोडिस्क, ब्रिटनमध्ये क्रिएशन, दोन्ही स्वतंत्र कंपन्या. म्हणजे मोठ्या कंपनीचा अनुभव घेऊन माणूस मुद्दाम लहान घरात परत आला.

आपल्याकडं याच्यासारखं काय हाय?

ओढून ताणून जोडू नये. पण राष्ट्रसंतांच्या खंजेरी भजनाच्या मंडळात बसलेल्याला हा अल्बम परका वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. खंजेरीचा आवाज काही नाजूक नसतो. शेजारी बसलात तर कान दणाणतात. पण त्या दणक्याखाली चाल इतकी सोपी असते की पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्या ओळीला तोंड उघडतो. आमच्या गावचे एक भजनी काका ‘हेल्पलेस’ ऐकून म्हणाले, “पोरगा ओरडून राह्यला, पण सुरात ओरडून राह्यला.” याहून चांगलं परीक्षण मला लिहिता आलेलं नाही.

मोबाईलवर सापडत नाही.

नुसतं ‘शुगर’ टाकलं तर त्याच नावाचं दुसऱ्याच बँडचं गाणं आधी येतं. ‘कॉपर ब्लू’ आणि ‘बॉब मोल्ड’ दोन्ही टाका. 2012 च्या नव्या आवृत्तीत जास्तीची गाणी आणि लाइव्ह रेकॉर्डिंगही आहे. पहिल्या ऐकण्यात ती वगळा, दहावं गाणं संपलं की थांबा. आणि शफल बंद.

बँड हाय का अजून?

1994 मध्ये ‘फाइल अंडर: ईझी लिसनिंग’ काढला आणि त्यानंतर लवकरच थांबले. बार्ब पुढे नावाजलेला निर्माता झाला, अथेन्सच्या विद्यापीठात संगीत व्यवसाय शिकवायला लागला. मोल्डने मध्ये काही काळ टीव्हीवरच्या कुस्तीच्या कंपनीसाठी लिखाणाचं काम केलं. हे सांगितलं की आमच्या आखाड्यातली पोरं पहिल्यांदा त्याच्याकडे आदराने बघतात. 2025 मध्ये तिघांनी परत एकत्र येत असल्याचं जाहीर केलं आणि नवं गाणंही काढलं.

यानंतर काय आयकू?

‘बीस्टर’, पण त्याच दिवशी नाही. मग मागे जाऊन ‘वर्कबुक’. हुस्कर डूकडे वळायचं तर 1985 च्या ‘न्यू डे रायझिंग’पासून सुरुवात करा. ‘झेन आर्केड’ मोठा आहे, रेकॉर्डिंग कच्चं आहे, आणि शेवटचं गाणं एकटंच जवळपास चौदा मिनिटं चालतं. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरवर ऐकायला घेतला तर इंजिनात बिघाड झाला असं वाटून दोनदा उतरून बघाल.